चुकीच्या उत्तरांचा डबा

चिलोएच्या या टोकाला, रविवारी दहा वाजता,
एलेउतेरिओ माइकसमोरच घसा साफ करतो
आणि सतरा बेटांवरचे रेडिओ
चुलीजवळ ओढले जातात.
कोडं तो एकदाच सांगतो.
दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणे बॅटरी उतरते.
लोकांची. केंद्राची नव्हे.

उत्तरं सोमवारच्या लाँचने येतात,
पिठाच्या पिशवीत, दमट, मासळीचा वास घेऊन.
फोडायचं काम माझं.
बरोबर असतील ती टेबलावर, चुकीची चुलीत.
चिठ्ठी निघेल त्याला लोकरीच्या मोज्यांची जोडी.
तीही विणायची मीच.

एकदा विचारलं, वारा उलटा केला की काय होतं?
बत्तीस जणांनी लिहिलं : रावा.
एका पोरीने तो काढूनही पाठवला,
हिरवागार, चोच जरा जास्तच झालेली.
आणि शेवटच्या बेटावरून नोलास्को बारिया :
‘छप्पर जातं.’

मग बटाट्याचं पहिलं अक्षर काढायला सांगितलं.
इथे बटाट्याच्या इतक्या जाती
की प्रत्येकाला वाटलं, कोडं आपल्याच वाफ्यातलं.
आठवडाभर धक्क्यावर जो तो
हात हलवून टाटा करत होता, येणाऱ्यालासुद्धा.
नोलास्को :
‘आधी साल काढा. अक्षराचं मागाहून बघू.’

ही दोन पत्रं मी जाळली.
वर लिहिली ती आठवणीने.

जुलैमध्ये, लाँच दोन सोमवार चुकली तेव्हाचं कोडं :
सागराचं मधलं अक्षर काढलं तर काय उरतं?
सार, सार, सार.
मास्तरीण होर्तेन्सियाने तर तात्पर्यासकट पाठवलं, दीड पान.
नोलास्कोची ओळ पेन्सिलीने :
‘मधलं काही काढू नका.
माझा धाकटा तिथे आहे.’

चुलीचं झाकण माझ्या हातात होतं.
दूध पावडरीचा एक डबा रिकामा झाला होता,
तळाशी थोडी पावडर होती,
तिच्यासकट तो वापरला.

सप्टेंबरात एलेउतेरिओने विचारलं :
तीन अक्षरं.
येताना वाचा, जाताना वाचा, सारखीच.
समुद्रावर ऐकू येतात.

सोपं होतं. एक्केचाळीस पाकिटांत जहाज.
दोघांनी शिडं काढली,
एकाने भोंगा लिहून दाखवला, पान भरून.
नोलास्कोच्या कार्डावर एकच शब्द होता :
वाचवा.

मी तो इकडून वाचला. तिकडून वाचला.
वाचला तो फक्त शब्द.

रविवारी एलेउतेरिओ म्हणाला, जहाज, शाबास,
आणि आणखी एक उत्तर बरोबर आलंय.
मग थांबला. काचेतून माझ्याकडे पाहिलं.
तो शब्द इथे रेडिओवर उच्चारत नाहीत.
एकदा कुठल्याशा नाटकात उच्चारला होता,
तर चार गावांनी होड्या पाण्यात लोटल्या,
एकीचं वल्हं मोडलं, ते भरून द्यावं लागलं.
म्हणून तो एवढंच म्हणाला :
नोलास्को बारिया, बरोबर.
आणि भरतीच्या वेळा वाचायला घेतल्या,
नेहमीपेक्षा सावकाश.

चिठ्ठी त्या दिवशी काढलीच नाही आम्ही.
राखाडी मोजे, टाचेला दुहेरी धागा,
लाँचवाल्याच्या हातात देऊन ठेवले.

पुढचं कोडं मुद्दाम हलकं दिलं :
नदी उलटी झाली की काय होते?
ढिगावर ढीग : दीन, दीन.
सर्वांत खाली त्याचं पाकीट.
मोजे पोचले. एक पाय मोठा आहे, पण चालेल.
आणि उत्तर :

‘आमच्याकडे रोज दोनदा होते.
भरती आली की.’

चूक.
डब्यात टाकलं.