वगळलेले क्रमांक

तेल्लेर्वो हाकोला निवृत्त झाली
आणि तिच्या अठ्ठावीस वह्या माझ्या टेबलावर आल्या.
काम सोपं: आकडे संगणकात चढवायचे,
वह्या तळघरात उतरवायच्या.

बाहेर तुर्कूतला जानेवारी. दुपारीच काळोख,
गोठलेल्या नदीवर कुणाच्या तरी सायकलीची एकटी रेघ.

पहिल्या वहीचं पहिलं पान:
‘शरीर साखर कुठे जाळतं, ते पाहायचं आहे.’
एवढंच.
पुढची बावीस वर्षं हेच वाक्य, आकड्यांत.

साखरेच्या कणाला किरणांची शेपटी बांधायची,
शिरेत सोडायची, आणि घाई करायची,
कारण एकशे दहा मिनिटांत ती निम्मी उरते,
मग निम्म्याची निम्मी.
सायक्लोट्रॉनपासून स्कॅनरपर्यंतचा बोळ
तेल्लेर्वो पळत ओलांडायची म्हणे.
त्या बोळात एक फरशी सैल होती.
तिचीही नोंद आहे.

सकाळी उपाशी माणसं यायची:
गोदीतला वेल्डर, दोन जुळ्या बहिणी, चर्चमधला ऑर्गनवाला.
सतरा अंशांची खोली, एक पाय बर्फाच्या पाण्यात,
दातखीळ बसायच्या बेतात.
आणि पडद्यावर, मानेच्या मुळाशी,
तपकिरी चरबी पेटायची,
जी तान्ह्या बाळांत असते
आणि मोठ्यांत विझते, असं ती शिकली होती.
‘विझत नाही. राखेखाली असते.’
शास्त्राच्या वहीत असं वाक्य चालत नाही.
तिनेच खोडलंय.
खोडलेलं वाचता येतं.

निबंधात चौसष्ट माणसं आहेत, वह्यांत एकाहत्तर.
सात वगळलेली. कारणं समासात:
हलला.
जेवून आला, कबूल करत नाही.
च्युइंगम. सगळी साखर जबड्याने खाल्ली.
सुई पाहून घरी गेला, जाताना आमची कॉफी पिऊन.

क्रमांक तेवीस. गुन्नेल, कोर्पो बेटावरची, वय अठ्ठावन्न.
तिला सांगितलं होतं, तासभर पडून राहा,
दिवा मंद आहे, बोलू नका.
खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.
चित्रात मेंदू, हृदय, मूत्राशय,
उजेड जिथे असायला हवा तिथे आहे.
आणि गळ्यात, स्वरतंतूंच्या जागी,
दोन बारीक ज्योती, एकमेकींकडे झुकलेल्या.

तासभर बोलत होती बाई.
काचेपलीकडून कुणाला कळलं नाही.

शाईने: ‘माहिती निरुपयोगी.’
खाली, पेन्सिलीने: ‘कोणाशी?’

त्यानंतर दर डिसेंबरच्या शेवटच्या पानावर,
सुया, नळ्या, शिशाच्या विटा यांच्या हिशेबात
एक ओळ आहे: ‘तेवीसची फिल्म जागेवर.’
सतरा डिसेंबर.

काल मी फोन केला, एका फाटक्या पानाबद्दल.
ते झाल्यावर विचारलं, तेवीसचं काय करू?
‘कोणाशी’ला संगणकात रकाना नाही.
ती इतका वेळ गप्प की लाइन तुटली असं वाटलं.

मग म्हणाली, शेवटच्या वर्षी
यंत्र तपासायला मीच झोपले त्यात.
तासभर. कुणी बघत नव्हतं.
माझा गळा काळाच आला.

मागे काहीतरी फसफसलं.
कॉफी उतू गेली, म्हणाली, आणि फोन ठेवला.

आज वह्या तळघरात उतरवल्या.
पावतीवर सही केली.
सत्तावीस.