रॅपरसकट

निपाणीत रात्री साडेदहाला तंबाखूचा खकाणा खाली बसतो.
बाळगोंडा शटर अर्धं ओढून घरी जातो
आणि मी चष्मा पुसून मोबाइलवर
जगातल्या लेकरांचे निष्कर्ष वाचायला बसतो.

न्यूमोनियाला औषधाचे दिवस कमी केले तरी चालतं म्हणे.
शेंगदाणा लवकर चाखवावा, अ‍ॅलर्जी टळते
(आमच्याकडे कूट आधीच भातात गेलेलं असतं,
माझ्यासाठी कोण थांबतंय).
शॉकमधल्या पोराला भराभर सलाईन?
थांब. आधी बघ.
हे मी हुबळीला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं,
सर खूश झाले होते.
आता ती ओळ खोडायची
आणि वर पेन्सिलीनं लिहायचं. शाईनं नको.

आज दुपारी वैजयंता घस्ते आली.
विडीच्या पानांचा वास असलेल्या पदरात
सहा दिवसांची मुलगी, हळदीचा हात फिरवावा तशी.
नाव अजून नाही. केसपेपरवर 'बेबी ऑफ वैजयंता'.

"पैल्या टायमाला तुम्हीच म्हणालासा न्हवं,
कोवळ्या उन्हात धरा म्हणून?
मधल्या पोरीला निळ्या लायटीखाली ठिवलासा.
आन आता म्हंतासा, नुसती पाजत ऱ्हावा?"

तीन बाळंतपणं, तीन डॉक्टर,
तिन्ही मीच.

मी तिला तक्ता दाखवला:
हे बाळाचं वय, तासांत. ही रेष. हा तुमच्या पोरीचा ठिपका,
रेषेच्या बराच खाली.
रेष गेल्या काही वर्षांत वर सरकली,
हे सांगितलं नाही.
सरकणाऱ्या रेषेवर कोण पोर ठेवेल?

प्रज्वल शेजारी उभा होता. बारा वर्षांचा.
कानामागचं यंत्र, त्याच्या बॅटरीला चिकटपट्टी.
त्यालाच उन्हात धरायला सांगितलं होतं मी.
चार दिवस धरलं तिनं, इमानानं,
गच्चीवर, पानं वाळत होती तिथंच.
पाचव्या दिवशी त्याची मान मागे ताणली गेली,
आणि बेळगाव किती लांब आहे
हे त्या दिवशी मला किलोमीटरात कळलं नाही.

त्यानं माझं पॅड ओढलं, कन्नडात लिहिलं.
बेळगावच्या मुक्या पोरांच्या शाळेत तीच अक्षरं शिकवतात.
आईला ती वाचता येत नाहीत.
'तंगीला ऐकू येईल ना?'
मराठीत तंगी म्हणजे चणचण.
त्याच्याकडे, धाकटी बहीण.

"काय लिवलंय ओ?"
"विचारतोय, बहिणीचं नाव काय ठेवायचं."
ती हसली. "आत्याला इचार म्हणावं."

मी खाली लिहिलं, 'हौदु'.
पेन उचललं नाही.
पुढं जोडलं: परवा कान तपासतो.
त्यानं दोन्ही ओळी वाचल्या, दुसरी जरा जास्त वेळ,
आणि कागद घडी घालून खिशात ठेवला,
मी पावती ठेवतो तसा.

टेबलाखाली एक अंक आहे,
ज्या महिन्यात प्रज्वल जन्मला त्या महिन्याचा.
पोस्टानं आला तेव्हा ओपीडी तुडुंब होती.
मग राहिला.
मग मुद्दाम राहिला.
दोनदा दवाखाना रंगवला, तो हलवला, पुसला,
परत तिथंच सरकवला. रॅपरसकट.

आज कात्रीनं फोडला.
प्लास्टिक करकरीत झालं होतं, दातांनी फोडल्यासारखं फाटलं.
अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा.
कावीळ नव्हतीच त्यात.
सगळा अंक दम्यावर.

हलकं वाटायला हवं होतं.

हवं ते आलं होतं दुसऱ्या कुठल्या अंकात,
आधीच, कधीतरी,
आणि तो मी बहुतेक उघडून, चाळून, मिटलाही असेल.

साडेअकरा. हायवेवरून पुण्याच्या ट्रका.
वहीत नोंद करतो:
परवा, साडेनऊ, बेबी ऑफ वैजयंता.
टाच टोचणे. वजन. कान.
पेन्सिलीनं.