सहा आठवडे

पहिला घाणा जळाला.
दूध नारिंगी झालं, घरभर गोठ्याचा वास,
आणि तू दारात येऊन एवढंच म्हणालास, एन्देल,
“दुकानात मिळतो की साबण.”

मिळतो.
त्यानेच तर तुझी बोटं अशी उललीत.
जाळं ओढताना भेगांत मीठ जातं
आणि तू खिडकीकडे तोंड करून शिवी देतोस,
सुनेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.
तुझा लेक फिनलंडला, बांधकामावर.
सारेमाच्या या टोकाला हिवाळाभर
आपण दोघं, आणि रेडिओ.

दुसऱ्यांदा दूध आधी गोठवलं.
हेल्दीच्या शेळीचं, किटलीतून आलेलं.
बाहेर उणे चौदा, फ्रीज कशाला हवा?
त्या पांढऱ्या बर्फावर कॉस्टिक सोडा
चिमूट चिमूट सोडत गेले,
रागावलेल्या माणसाशी बोलावं तसं:
एक शब्द, मग थांबायचं.
हातात रबरी मोजे, डोळ्यांवर तुझा वेल्डिंगचा चष्मा.
डुकराची चरबी, ऑलिव्ह तेल, ओटचं पीठ.
तेल जरा जास्तच घेतलं, मुद्दाम.
सगळ्याच तेलाचा साबण होऊ द्यायचा नसतो,
थोडं नुसतंच राहू द्यायचं, कातडीसाठी.
चमचा फिरवल्यावर रेघ टिकून राहिली
तेव्हा ओतलं, दुधाच्या रिकाम्या खोक्यात.

मग फळीवर वड्या, मध्ये बोटभर वारा.
रविवारी एक उचलून जिभेच्या टोकाला लावायची:
टोचली तर अजून कच्ची.
“मीठ बरोबर आहे ना?” तू विचारायचास.
दुसऱ्या रविवारी टोचायची थांबली,
तरी दिली नाही तुला.
ओला साबण भराभर झिजतो,
वाळू दे.
तोवर किनाऱ्यापासून समुद्र गोठत आत गेला.

फेब्रुवारीत एक वडी तुझ्यापुढे ठेवली.
तू हुंगलीस. बोलला नाहीस.
मासे साफ करायच्या सुरीने बरोबर मधोमध कापलीस,
अर्धी मोरीपाशी ठेवलीस,
अर्धी वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात,
आणि बूट चढवून निघालास बर्फातून
हेल्दीच्या घराकडे.

तिचेही हात असतीलच की फुटलेले,
रोज दोनदा धार काढून.
हे मला का सुचलं नाही?

परतलास तो किटलीभर दूध घेऊन.
कान लालभडक.
थंडीने म्हणावं,
तर टोपी कानांवरून खाली ओढलेली होती,
ती तू आत येऊन काढलीस.

मी काही विचारलं नाही.
दूध खिडकीबाहेर ठेवलं, गोठायला.