लोड टेस्ट

मागच्या अंगणात चिकूखाली
अकरा बाय चौदा फुटांची जागा.
तिथं हेमलताचं अळू होतं, मोरीच्या पाण्यावर माजलेलं.
ते हलवायला तिनं तीन दिवस घेतले
आणि अट घातली : कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही,
तिच्यावर गोकर्ण चढलीय.
मान्य. एकतीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली,
दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करायची सवय आहे.

फेब्रुवारीत कैरवीला चौकटीला उभं करून मापं घेतली.
गुडघा. कंबर. वर केलेला हात.
'आबा, फ्रॉक शिवताय?'
हो म्हटलं, लोखंडाचा.

बुधवारी जुना बाजार.
पाइप दीड इंची, गंज वरवरचा.
विकणारा म्हणाला, मांडवाचा माल आहे काका,
शंभरेक लग्नं उभी केलीत यानं.
म्हटलं, एक झोका झेपेल ना?
साखळी मात्र नवी घेतली.
साखळीत काटकसर नाही.

टिंबर मार्केटातून सागाची फळी, कुठल्याशा दाराची.
रंधा मारला, कोपरे गोल केले,
कडीचं भोक तसंच राहिलं.
आता कैरवी फळीवर पालथी पडून
त्या भोकातून मुंग्या बघते.

घसरगुंडीचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापणार,
म्हणून दिवसभर दर तासाला
चिकूच्या सावलीभोवती खडूनं रेघ मारली.
हेमलता म्हणाली, रिटायर झालेल्या माणसाला
सावलीसुद्धा मोकळी सोडवत नाही.

वेल्डिंगच्या आवाजावर ओगले कुंपणाशी आले.
'सोसायटीची परवानगी काढलीत का?'
विचारलं, नातू केवढा झाला तुमचा?
'पाच.'
रविवारी पाठवा त्याला.
परवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मे महिना. सगळं उभं राहिलं.
पण लोड टेस्टशिवाय मी कधी काही
शॉपबाहेर जाऊ दिलं नाही.
हेमलता म्हणाली, माझ्या वजनाचा उच्चार नको.
राहिला निनाद. चौऱ्याऐंशी किलो.
'बाबा, कॉल आहे मला.'
बसून घे म्हटलं कॉल. बसायचंच तर आहे.

तो बसला. कानात इअरफोन,
मांडीवर लॅपटॉप, पाय जमिनीला टेकवून.
कुणाला तरी सांगत होता, गुरुवारपर्यंत देतो.
मी वरच्या आडव्या पाइपला पट्टी लावून बसलो,
वाक मोजत.

निनाद लहान असताना मी सेकंड शिफ्टला.
झोके तोही खेळला असेल, पेशवे पार्कात, आईबरोबर.
मला ऐकून माहीत.

कॉल संपला. त्यानं लॅपटॉप मिटून गवतावर ठेवला.
उठेल वाटलं.
त्यानं पाय उचलले.
आधी थोडेसे, मग गुडघ्यातून दुमडून,
आणि मागं जाताना डोकं मागं टाकलं
तेव्हा टक्कल पडायला लागलेलं दिसलं.
साखळी कुरकुरली. ग्रीस हाताशी होतं.
मी लावलं नाही.
पट्टीवरचा आकडाही वाचायचा राहून गेला.

'किती वेळ बसायचं, बाबा?'
नियमानं वीस मिनिटं, म्हटलं.
असा काही नियम नाही.

मग कैरवी आली, कमरेवर हात ठेवून.
'बाबा, ऊठ. ते माझं आहे.'

ती बसली, आणि तिचे पाय जमिनीला घासायला लागले.
मापं फेब्रुवारीतली.
पाना आणला, दोन्हीकडून
एकेक कडी वर घेतली.
सुटलेली कडी खाली लोंबत राहिली.

संध्याकाळी हेमलता म्हणाली,
तेवढी कापून टाका की, कशी दिसते.
राहू दे म्हटलं.
अजून पुष्कळ कड्या लोंबायच्या आहेत.