दोष आढळला नाही

पुंता अरेनासला वारा विचारून येत नाही.
मीही शिडी खांद्यावर घेऊन
मागच्या दाराने शिरले
त्या हिरव्या पत्र्याच्या घरात,
जिथे वर दानित्सा राहते, खाली झ्लाता
आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा अबोला.

बाप गेला त्या साली चुली वेगळ्या झाल्या.
कारण विचारलं तर दोघी
एकाच शिवणयंत्राची गोष्ट सांगतात,
पण वेगवेगळी.

'दोन वायफाय करून दे,' दानित्सा म्हणाली.
'एक माझं. एक तिचं.'
राउटर एकच. बिलही एकच, अर्धं अर्धं.
मी तार जोडली, पत्ता टाकला:
एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक, एक.
या उतारावरच्या कितीतरी घरांचा
आतला पत्ता हाच,
आणि उंबऱ्याबाहेर त्याला कुत्रंही विचारत नाही.

कारखान्यातून आलेलं नाव: अ‍ॅडमिन.
पासवर्ड: तोच.
दाराला कुलपाचं चित्र चिकटवावं तसा.
बदलला. दानित्साने नवा पासवर्ड
माझ्या कानात सांगितला, दार लावून,
जुन्या कुत्र्याचं नाव आणि पुढे सात.
खाली झ्लातानेही दार लावलं.
तेच कुत्रं. पुढे चार.
दोन्ही वेळा मी चेहरा सरळ ठेवला.

दुसऱ्या नेटवर्कला यंत्राने
आधीच नाव देऊन ठेवलेलं: पाहुणे.
झ्लाताने चष्मा लावला, पडद्याजवळ गेली.
'पाहुणी?
मी याच खोलीत जन्मले, त्या खिडकीपाशी.
बर्फ पडत होता आणि सुईण उशिरा आली.'
मी खोडलं. 'तळमजला' लिहिलं.
त्याच्याखाली एक चौकट, टिक मारलेली:
पाहुण्यांना घरातली उपकरणं दिसू देऊ नयेत.
ती तशीच ठेवायची असते.
माझं बोट कसं सरकलं, सांगता येत नाही.
वारा होता म्हणू.

तीन महिन्यांनी दानित्साचा फोन.
'माझा प्रिंटर रात्रीचा आपोआप बोलतो.'
गेले. तिने फाइल काढली, तारखेवार नक्कल केलेली:
स्वेटरच्या विणीचा नमुना, बाही अर्धवट.
डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ, मंगळवार, दहा.
अंतोफागास्ताच्या मुलाला पत्र, आठ ओळी.
'हे मी वाचलेलं नाही,' ती म्हणाली.
'शुद्धलेखन मात्र फार वाईट आहे.'

'मूळ कागद तिला पोचतात कसे?'
'चौथ्या पायरीवर ठेवते.
उडू नयेत म्हणून वर बटाटा.'
'आणि बटाटा?'
'परत येत नाही.'
मग मातेची नळी ओठांशी नेत, भिंतीकडे बघत,
'परवा आला. उकडून, मीठ लावून.'

'बंद करू? एक टिक मारायची फक्त.'
खाली कुठेतरी नळ सुटला, थांबला.
'मंगळवारी तिला कोण नेणार आहे,
ते यंत्रात दिसतं का?'
'नाही.'
'मग काय कामाचं ते.'

मी प्रिंटरची वायर काढली, परत लावली,
आल्यासारखं काहीतरी केलं पाहिजे म्हणून.
पावतीवर लिहिलं: तपासणी केली.
दोष आढळला नाही.
'दोन प्रती काढ,' ती म्हणाली,
'बिल अर्धं अर्धं आहे.'

उतरताना दुसरी प्रत चौथ्या पायरीवर ठेवली.
दाराच्या फटीतून वारा येत होता,
वर ठेवायला काही सापडेना.
शेवटी माझा पेचकस ठेवला.