एकाच ओळीची तरतूद

बिरिटा म्हणाली, यंदा अंदाजपत्रकात एकच ओळ देते तुला.
अँटिव्हायरस घे, नाहीतर गुपितांची तिजोरी.
बोलत होती कॉम्प्युटरबद्दल,
पण आमच्या धंद्यात सगळं बोलणं शेवटी माशांवर येतं.

कीड मला कळते.
दर पंधरवड्याला क्लाक्सविकच्या खाडीत
पिंजऱ्यातून दहा सॅमन काढून, गुंगी देऊन
मी त्यांच्या अंगावरच्या उवा मोजते,
एक, दोन, पोटाखाली तिसरी.
मग आत लंपफिश सोडतो. ते बुटके मासे उवा टिपत हिंडतात.
तोर्शहाव्नहून आलेल्या विक्रेत्याचा माल तसाच:
आत सोडा, गस्त घालेल,
वाईट दिसलं की गिळेल.
मला तो माणूस आवडला. दारात बूट काढून आला होता.

पण ऑक्टोबरात जो आला
त्याच्या अंगावर एकही ऊ नव्हती.
काही फोडलं नाही त्याने, काही पेरलं नाही.
किल्ली लावली, आत शिरला,
सात नंबरच्या पिंजऱ्याचं खाद्य तासभर थांबवून पाहिलं
आणि गेला, जाताना सगळं होतं तसं ठेवून.
किल्ली कुठे होती म्हणाल,
तर क्रेनची २०१९च्या कॅलेंडरवर, पफिनच्या चित्राखाली.
खाद्याची चहाच्या डब्याच्या झाकणात.
आणि प्राणवायूची हानुसने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये,
चौथ्या ओळीत, उघडी.
मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा,
आणि मी बसलेय उवा मोजत.

म्हणजे तिजोरी. ठरलंच की.
सगळी गुपितं एका जागी, कुलपात,
कोणी कधी हात लावला त्याची नोंद,
दर महिन्याला किल्ली आपोआप नवी.
फक्त आधी यादी करायची, कोणतं गुपित कुठे आहे त्याची.
ती बिरिटा वाचणार. मग हिशेबतपासनीस वाचणार.

यादी करताना मी चौथी ओळ सोडते.
परत येते. परत सोडते.
तिथे एका बाईचं नाव आहे आणि एक साल.
हानुसच्या बायकोचं नाही ते.
त्याला फेब्रुवारीत पुरलं आम्ही, इतका वारा होता
की पाद्र्याचे शब्द तिसऱ्या रांगेपर्यंत पोचले नाहीत.
अकरा वर्षं, रोज रात्री दोन वाजता
यंत्राने ते नाव घेतलंय
आणि तीन लाख मासे श्वास घेत राहिलेत.

अँटिव्हायरस घेतला असता तर ते तिथेच राहिलं असतं.
पहारेकरी त्याच्यावरून गेला असता, न थबकता.
नावात विष नसतं ना.

काल रात्री एकटीने बसून ते बदललं.
चाळीस अक्षरं, कशाचाच अर्थ नसलेली.
इतकं निरर्थक मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.
मग मीटरकडे बघत बसले, कोट न काढता.
आकडा हलला नाही. माशांना काय त्याचं.
प्रोग्राम मात्र जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो,
काय खोडलं, कधी खोडलं,
आणि कोणी.

आज शुक्रवार. सोल्वा राईचा पाव घेऊन आली,
कोमट, निळ्या फडक्यात.
हानुस गेल्यावरही तिने वार चुकवलेला नाही.
म्हणाली, घरचा कॉम्प्युटर उघडत नाही गं.
सगळे फोटो आत अडकलेत.
माझं नाव घालून पाहिलं, मुलांची घातली, बोटीचं घातलं.
इतकी वर्षं एका खोलीत बसायचात तुम्ही दोघं,
तुला काही सुचतंय?

मी सुरी शोधली.
लोणी लावलं, पार कडेपर्यंत.
खिडकीबाहेर कुनॉयचा डोंगर अर्धाच दिसत होता.
टेबलावर बिरिटाचा कागद, त्यात ती एक ओळ,
तिच्यात 'तिजोरी' लिहून झालंय, सही राहिली आहे.

बघते, म्हटलं.
एक-दोन दिवस दे मला.
आणि तिच्यासाठी दुसरा तुकडा कापायला घेतला,
पहिला तिने अजून उचललाही नव्हता.