खटका

हाल्वारच्या मनगटापासून कोपरापर्यंत
एक चकचकीत पट्टा आहे, तिथं केस उगवत नाहीत.
डीसीनं दिला, म्हणतो,
जसं कुणी म्हणावं, हे घड्याळ बापानं दिलं.

एसी बरा. भांडखोर, पण
सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, दम खातो;
तेवढ्यात हात सोडवून घेता येतो.
हा सरळ चालणारा. याला दम लागत नाही.
तांब्यापासून तांबं दूर ओढलं
तरी मधल्या हवेत
जांभळी जीभ काढून बोलतच राहतो.

पूर्वी खटका उडाला की दोन मजले वर कळायचं,
स्वयंपाकी शिवी हासडायचा.
आता आमच्या फेरीवर, बॅटरीच्या खोलीत,
एक करडी पेटी. आत सिलिकॉनच्या चकत्या,
हलणारं काहीच नाही.
सदा कोमट: नुसतं वाहू देण्याचंही
तिला काही मोजावं लागतं,
भोवती पाणी फिरवत ठेवावं लागतं.
तिच्यासमोरून जाताना हाल्वार शीळ थांबवतो.

"आवाज न करता जे तुटतं
ते तुटलं, हे कळायचं कसं, ओड्नी?"
लॉग बघायचा, मी म्हटलं.
तो खोकल्यासारखं हसला.

परवा, पहाटे तीनच्या फेरीला, फ्योर्डच्या मधोमध
दोन नंबरच्या केबलमध्ये इन्सुलेशननं जीव सोडला.
वर कॅफेत एक बाई वॅफलवर जॅम लावत होती.
जॅम सांडला नाही.
ट्रकमधली मेंढरं उभ्या उभ्या झोपलेली,
झोपलेलीच राहिली.
अकरा मायक्रोसेकंद.
उरलेल्या अर्ध्या जहाजानं काठ गाठला.

मी लॉगमधली ओळ दाखवली.
चष्मा वर, चष्मा खाली.
"आणि तारेत जो जोर होता,
तो गेला कुठं?"

तोडणं सोपं.
तोडल्यावर जे हातात उरतं
ते कुठं ठेवायचं, एवढाच प्रश्न असतो.
मी पेटीच्या मागं बोट केलं:
व्हॅरिस्टरच्या वड्या, एकावर एक,
सगळा धक्का गिळून बसलेल्या.

हात लावायचा तर आधी दांडा.
बंद सिलिकॉनही थोडं झिरपतं, म्हणून
ओळीच्या शेवटी ठेवलाय अजून
तांब्याचा एक आडमुठा दांडा,
उघडला की डोळ्यांना फट दिसते.
हाल्वारनं दोन्ही हातांनी ओढला.
खट्ट.
"हं. आता तुटलं."

मग अर्थिंगची काठी लावून झाली,
मग मीटर शून्य झाला,
मग त्यानं हातमोजा काढला
आणि तोच हात, पट्ट्याचा,
वड्यांवर ठेवला.
"ऊब आहे की गं अजून."
काढला नाही बराच वेळ.

नंतर कागदी वहीत, जी आता कुणी तपासत नाही,
त्यानं पेन्सिलीनं लिहिलं:
३.१४. काही ऐकू आलं नाही.
आणि खाली सही.